पेडल खाली गेलं तेव्हा

ब्रेक तपासायला गाडी नेली की नेमकं काय करतात, हे मी आदल्या दिवशीच दोघांना विचारून ठेवलं होतं. शेजारीणबाई म्हणाल्या, चाकं काढतात, पॅड बघतात, झिजले असले तर बदलतात, की झालं. धाकटे दीर म्हणाले, "तपासायचंय काय त्यात, वहिनी? पॅड मी स्वतः बदललेत. व्हिडिओ बघून. नवे कोरे आहेत."

म्हणूनच तर न्यायची होती गाडी, पण हे त्यांच्या तोंडावर कसं सांगणार?

त्यांनी पॅड बदलल्यापासून ब्रेक दाबला की पाय कणकेत रुतावा तसा जायचा. गाडी थांबायची, पण विचार केल्यासारखी थांबायची. आणि उद्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. ती डोंगराच्या पायथ्याशी राहते, आम्ही वर. नवरा परगावी, दिरांना अजून लायसन्स मिळायचंय. तेव्हा आईला इस्पितळात नेणारी मीच, आणि अंगावर पिणारी लेक मागच्या सीटवर. मधला रस्ता सगळा उताराचा.

गॅरेजवाल्याला सगळे मास्तर म्हणतात. कारण काहीही विचारलं तरी ते वर्गात उभं केल्यासारखं उत्तर देतात. त्यांनी गाडी जॅकवर चढवली, चाकं काढली आणि बॅटरीच्या उजेडात आत डोकावले. लेकीला कडेवर घेऊन मीही डोकावले. मला एक चकचकीत तबकडी दिसली आणि बाकी सगळं काळं.

"पॅड नवे आहेत," मास्तर म्हणाले. "डिस्क गुळगुळीत. बसवलंयही नीट."

"म्हणजे ब्रेक चांगले आहेत?"

"असं कुठे म्हणालो मी? पॅड चांगले आहेत म्हणालो."

मग ते गाडीत बसले, पेडल चार-दोनदा दाबलं, मान वाकडी करून काहीतरी ऐकलं आणि जाहीर केलं, "हवा आहे."

"टायरमध्ये?"

"ब्रेकमध्ये, ताई!"

ब्रेकमध्ये हवा कोण भरतं? माझा चेहरा बघून मास्तरांनी चाकामागचा एक बारका स्क्रू दाखवला. पेडलपासून इथपर्यंत नळीत तेल असतं. तेल दबत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र दबते. "पॅड बदलताना कुणीतरी हा सैल केला आणि हवा आत शिरली. आता तुमचा निम्मा जोर हवा दाबण्यात जातो."

मी दिरांना फोन लावला. "भावजी, चाकामागचा एक बारका स्क्रू..."

"तो व्हिडिओत नव्हता, वहिनी. मला वाटलं, सैल केला तर काम सोपं होईल. थोडंसंच तेल सांडलं होतं. मी पुसलं ना लगेच!"

पुसलं म्हणे. मी फोन ठेवला.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एक स्क्रूपाशी, एक पेडलवर. एरवी पेडलवर मास्तरांची बहीण बसते, पण अक्कांचा पाय प्लास्टरमध्ये होता. "पोरीला दे माझ्याकडे," त्या खुर्चीतूनच म्हणाल्या. "पाय मोडलाय माझा, हात नाही मोडले."

"मी 'धरा' म्हटलं की दाबून धरायचं," मास्तर म्हणाले. "'सोडा' म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. काहीही झालं तरी."

ते चाकामागे गेले, दिसेनासे झाले.

"धरा!"

मी दाबलं. आणि पेडल सरळ तळाला गेलं. अख्खं! मी दचकून पाय वर घेतला.

"उचललात?" चाकामागून आवाज आला.

"अहो, खाली गेलं ते!"

"जायलाच हवं!"

इतके दिवस खाली जातं म्हणून जीव टांगणीला, आणि आता खाली गेलं तर बरोबर? मास्तर म्हणाले, स्क्रू उघडा असताना पाय उचलला की बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणजे होती त्यात भरच पडली. आता मला रडू यायच्या बेतात होतं.

पण रडली ती लेक. दुसऱ्यांदा "धरा!" झालं, पेडल खाली जाऊ लागलं आणि तिने सूर लावला. माझं तोंड तिकडे वळलं, पाय आपोआप वर.

"ताई!"

"ती रडतेय हो!"

"तुझ्याकडे बघून रडतेय," अक्का म्हणाल्या. "तोंड फिरव पलीकडे, गप्प होईल."

मी तोंड फिरवलं. ती गप्प झाली नाही. "धरा!" पेडल बुडत गेलं, मागे लेकीने आकांत मांडला. तिला काही टोचलं असेल का? अक्कांच्या प्लास्टरवर डोकं आपटलं असेल का? मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळलं आणि उभ्या गाडीत पाय रोवून बसले. "सोडा!" सोडला. "धरा!" धरला. चारही चाकांना हेच. कधीतरी लेक थकून गप्प झाली, ते मला कळलंही नाही. कळलं ते एवढंच, की पेडल मध्येच अडलं. जोर लावला तरी पुढे जाईना.

"बिघडलं का काही?" मी विचारलं.

"आता सुधारलं," मास्तर म्हणाले. त्यांनी तेलाची पातळी पाहिली, चाकं चढवली, गाडी स्वतः फिरवून आणली आणि गॅरेजपुढच्या उताराकडे बोट दाखवलं. "आता तुम्ही बघा."

मी एकटीच गाडी घेऊन उतार उतरले, ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. वर आले. पुन्हा गेले, पुन्हा थांबली. मग लेकीला तिच्या सीटवर बांधून तिसऱ्यांदा निघाले, तेव्हा अक्का हसून म्हणाल्या, "रस्ता झिजेल गं!"

उताराच्या मध्यावर ब्रेक दाबला. थांबलो. आरशात लेक अंगठा चोखत होती. मागच्या स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवला, मी हात बाहेर काढून त्याला पुढे जाऊ दिलं. मग बाजूला लावून आईला फोन केला.

"सकाळी येते मी. हिला घेऊन."

"ब्रेक नीट झाले? काय झालं होतं?"

"हवा होती."

"अगं, हवा तर चांगली ना गाडीला?"

तिला काय समजावणार? मलाही ते धड कळलं नव्हतं. "आता नाहीये," मी म्हटलं.

"बरं. सावकाश ये हं."

सावकाश म्हणजे किती, ते तिने सांगितलं नाही.