बोक्याच्या अंगावरचं तेज

तळ्याच्या काठावरच्या दगडावर तिनं वाडगं तीनदा आपटलं की पाणी खालून हलायचं. आधी बारीक मासळी चकाकत वर यायची, मग मोठ्या माशांची काळी पाठ दिसायची. दिवसभरात तिच्या हाकेला ओ देणारे तेवढेच. नवरा कामासाठी दूर, त्याचा फोन आठवड्यातून एकदा. शेजार म्हणावा तर हाकेच्या टप्प्यात एकही घर नव्हतं.

कडेवर दीड वर्षाची पोर. जन्मली तेव्हा गुबगुबीत होती म्हणून बापानं कौतुकानं ‘ढब्बी’ म्हणायला सुरुवात केली. आता त्या नावानं हाक मारताना तिची जीभ अडखळायची. मनगट दोन बोटांत मावत होतं.

“दोन महिने झाले, वजन पावणेआठवर अडून बसलंय,” दवाखान्यातल्या नर्सनं गेल्या खेपेला सुनावलं होतं. “पुढच्या महिन्यात वाढलं नाही तर पंधरा दिवस भरती करून घेऊ.”

त्या दिवसापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. खायला घालण्यात तर ती कुठेच कमी पडत नव्हती. आठवड्यातून एकदा मोठा मासा निघाला की पोटाकडचं मऊ मांस ढब्बीचं. तेही काटा राहू नये म्हणून सात वेळा चाचपून. बाकीचे दिवस भात आणि डाळीचं पाणी. जाळ्यात रोज येणारी बोटाएवढी मासळी मात्र बोक्यापुढे जायची. तिच्यात नुसते काटे, पोरीच्या काय कामाची!

तळ्यांची पाहणी करणारी बाई पंधरा दिवसांनी यायची. आल्या आल्या पाण्यात मीटर बुडवायची, म्हणून सगळे तिला मीटरबाई म्हणत. या वेळी तिनं मीटर पुसून पिशवीत टाकलं आणि पायात घोटाळणाऱ्या बोक्याकडे बघत राहिली.

“काय गं, हा कुठल्या दवाखान्यात जातो?”

“का हो?”

“मेल्याच्या अंगावर तेज बघ! काय घालतेस त्याला?”

“बारीक मासळी. डोक्यासकट.”

“आणि ढब्बीला?”

तिनं सांगितलं. मीटरबाईनं कपाळावर हात मारला. “म्हणजे खजिना बोक्याला आणि पोर उपाशी! अगं, मोठ्याचं मांस चांगलंच, पण ते आठवड्यातून एकदा. ही मासळी रोजची. डोकं, डोळे, हाडं, सगळं पोटात जायला हवं. तळ्यात मोठ्यांसोबत ती सोडायला मी सांगितलं ते कशाला? शोभेला?”

“घशात अडकलं तर?”

“एवढं बारीक?”

ती पाण्याकडे बघत बोलू लागली. चार महिन्यांपूर्वी ढब्बीच्या घशात खरंच माशाचं हाड अडकलं होतं. पोर निळी पडली. तिला उलटी धरून, पाठीवर थापट्या मारत ती अंगणात धावली, ओरडली, घसा फाटेपर्यंत ओरडली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मग आपोआपच ते बाहेर पडलं. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. इतक्या लांब बसून तो करणार काय, नुसता जिवाला घोर.

मीटरबाईनं उपदेश केला नाही. उठून एवढंच म्हणाली, “चल, तवा काढ. पीठ करून टाकू. पिठाला कशाला घाबरायचं?”

मासळी धुऊन, कडकडीत भाजून त्यांनी खलबत्त्यात कुटली. मीटरबाई गेल्यावर तिनं ते पीठ दोनदा फडक्यातून गाळलं. चिमूटभर जिभेवर घोळवून बघितलं. तीन दिवस स्वतःच खाल्लं. चौथ्या दिवशी भातात अर्धा चमचा कालवला आणि ढब्बीच्या घशावर नजर रोखून बसली. घोट खाली गेला. पोरीनं पुन्हा तोंड उघडलं. आईला श्वास घ्यायची आठवण तेव्हा झाली.

त्यानंतर रोज एक चमचा, न चुकता.

महिन्यानं नर्सनं वजन दोनदा बघितलं. “सव्वाआठ! काय चारलंस गं?” पण रांग मोठी होती. उत्तर ऐकायला ती थांबली नाही.

घरी परतताना वाटेत तिनं नवऱ्याला तीनदा फोन लावला. लागला नाही. मीटरबाई यायला अजून नऊ दिवस. दारात बोका हिशेब चुकल्यासारखं तोंड करून बसला होता. आजकाल त्याच्या वाट्याला फक्त मोठ्या माशाची आतडी यायची. “सव्वाआठ,” तिनं त्याला सांगितलं. त्यानं पाठ फिरवली.

मग ती ढब्बीला घेऊन तळ्यावर गेली. वाडगं तीनदा आपटलं. बारीक मासळी चकाकत वर आली, अगदी काठापर्यंत, तोंडं उघडून.

“ऐकलंत का, आमच्या ढब्बीचं...” ती उत्साहानं सुरू झाली आणि तिथेच थांबली. हे सांगायचं तरी कोणाला? यांचीच भावंडं पोरीच्या अंगी लागलेली.

तिनं कोंडा टाकला, नेहमीपेक्षा मूठभर जास्तच, आणि फोन मांडीवर ठेवून काठावर बसली. ढब्बीनं रिकामं वाडगं ओढून घेतलं आणि दगडावर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. चांगला जोर होता हातात.