पंचवीस फुटांतला निवाडा

अमेरिकेत, अल्फारेटातल्या आमच्या अंगणामागून एक ओढा जायचा. शहाण्णवच्या उन्हाळ्यात बीव्हर नावाच्या एका कुरतड्या प्राण्याने शेजारच्या धम्मदीपच्या बाजूला काटक्यांचा बांध घातला आणि पाणी थेट माझ्या मेथीत शिरलं. पुण्याहून आणलेलं बी ते! माझं डोकंच फिरलं.

"तो बांध तोड," मी धम्मदीपला सुनावलं.

"नो वे! इट्स हिज हाउस!" त्याची लेक उपासना ओरडली.

दोन आठवडे बोलणं बंद. शेवटी धम्मदीपचे वडील, नागपूरजवळच्या खेड्यातून आलेले राजारामकाका, म्हणाले, "मी होतो पंच. बसा सगळे."

गराजमध्ये खुर्च्या मांडल्या. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले.

"आमच्या गावात पंचांनी ओढा वरच्या शेतांकडे वळवला," ते म्हणाले. "आमचं शेत खाली. माझे बाबा चावडीच्या पायरीखाली उभे होते, त्यांना कुणी विचारलंच नाही. तहसीलदाराने लेखी काही दिलं नाही, म्हणाला, गावातच मिटवा. तेव्हापासून एकदा या जागी बसायचं होतं. सगळ्यांचं ऐकून घ्यायला."

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. मेथी मात्र मी सोडली नाही.

काकांनी सगळ्यांचं ऐकलं. उपासनाला बीव्हरची वकील नेमलं. निवाडा झाला: बांध राहील, बाजूने चर खणून पाणी खाली सोडायचं, खणायचं दोन्ही घरांनी. शनिवारी माझा नवरा यतीन आणि धम्मदीप हातभर खणतात न खणतात, तोच काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीची, बाई दारात.

काठापासून पंचवीस फुटांत परवानगीशिवाय फावडं लावायचं नाही, अंगण तुमचं असलं तरी, असं तिने बजावलं. माझी मेथीही त्यातच होती.

"पंचांनी ठरवलंय म्हणावं," काका म्हणाले. "दोन्ही घरं राजी आहेत."

धम्मदीपने ते इंग्रजीत सांगितलं. बाई शांतपणे म्हणाली, "खाली याच पाण्यावर आणखी घरं आहेत. त्यांना विचारलंत?"

धम्मदीपने ते काकांना मराठीत सांगितलं.

"नाही विचारलं," ते म्हणाले आणि यतीनच्या हातातलं फावडं घेऊन स्वतःच चर बुजवायला लागले. "वीणाताई, मेथी उपटा. आज पराठे करू."

बाईने हा नियम लिहिलेली नोटीस दिली, ती काकांनी मागून घेतली. चार घड्या घालून पासपोर्टात ठेवली.

"बाबांना असा एक कागद हवा होता," ते म्हणाले.

पराठे मी केले. खालच्या घरांनाही नेऊन दिले.