खुणांच्या चिठ्ठ्या मधल्या टेबलावर

अंधशाळेतल्या बाईंचं ते पत्र पाच महिने माझ्या शब्दकोशात पडून होतं. रोज ते दिसायचं, रोज मी पान उलटायचो.

"तुम्ही वाचून संकेतस्थळावर ठेवलेली पुस्तकं आमची मुलं कान देऊन ऐकतात," त्यांनी लिहिलं होतं. "पण वर्गातली चाळीस जणं एकदम ऐकू लागली की दहा मिनिटांत सगळं बंद पडतं. काही करता येईल का? नसेल तर तसं स्पष्ट कळवा. मार्चअखेर नवं वेळापत्रक ठरतं, तेव्हा तो तास काढून टाकीन."

जन्मभर मी छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात हयात गेली, त्यामुळे आपल्या हातून काही बिनचूक होईल यावर विश्वासच बसत नाही. पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित केली तीसुद्धा दार लावून. संकेतस्थळ मागच्या खोलीतल्या एकाच जुन्या संगणकावर चालायचं, आणि चाळीस जण आले की त्या बिचाऱ्याला धाप लागायची.

उपाय एका जाडजूड पुस्तकात सापडला. तीन संगणकांवर तीच पुस्तकं ठेवायची आणि त्यांच्यापुढे चौथा बसवायचा. येणारा प्रत्येक जण आधी या चौथ्याकडे येणार, आणि तो त्याला आळीपाळीने तिघांपैकी एकाकडे धाडणार. याला लोड बॅलन्सिंग म्हणतात. वाचायला दोन महिने लागले, धीर करायला तीन.

मार्चचे सात दिवस उरले असताना सकाळी जोडणी पुरी झाली. तपासायला चिमणीला बोलावलं. चिमणी म्हणजे माझी मेहुणी. वय अडुसष्ट, टेलिफोन एक्सचेंजमध्ये पस्तीस वर्षं ऑपरेटर, आवाज अजून खणखणीत.

तिनं फोनवर एक पुस्तक लावलं, तीन प्रकरणं पुढे गेली, थांबवलं, पुन्हा लावलं.

"अहो भाऊजी, हे परत पहिल्या पानावर आलं की!"

ती कुठवर ऐकून थांबली याची खूण पहिल्या संगणकानं ठेवली होती, पण या खेपेला तिला दुसऱ्याकडे धाडलं होतं, आणि दुसऱ्याला त्या खुणेचा पत्ताच नव्हता.

"मला वाटलंच होतं," मी म्हणालो. "जमणार नाही असं कळवून टाकतो."

"लगेच हातपाय गाळले? अहो, कुणी परगावचा ट्रंक कॉल नोंदवला की आम्ही चिठ्ठी लिहायचो. ती स्वतःच्या पर्समध्ये ठेवली असती तर शेजारच्या बाईला काय कळणार, कपाळ? सगळ्या चिठ्ठ्या मधल्या टेबलावर. कुणीही उचलावी आणि कॉल पुढे चालवावा."

पुस्तकात हेच होतं, तेराव्या प्रकरणात. नंतर वाचू म्हणून मी ते सोडलं होतं!

जेवण राहिलं. तीनपर्यंत सगळ्या खुणा चौथ्या संगणकावर एका जागी आल्या. तिघेही आता तिथेच बघणार, तिथेच लिहिणार.

"चाळीस माणसं कुठून आणायची?" मी विचारलं.

"आमच्या एक्सचेंजच्या बावीस जणी आहेत. शिवाय घरी बसून असलेल्या नवऱ्यांचे फोन. नवऱ्यांना विचारायचं काही कारण नाही."

चारच्या ठोक्याला पडद्यावर ओळी धावू लागल्या. पहिला, दुसरा, तिसरा, पुन्हा पहिला. एकेचाळीस जण! पाच मिनिटं झाली, दहा झाली. अकरावं मिनिट उजाडलं तरी सगळं सुरू! मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. तेवढ्यात चिमणी वाकली आणि तिनं दुसऱ्या संगणकाची पिन उपटली.

"अगं, काय केलंस हे!"

"एखादी बाई चक्कर येऊन पडली म्हणून एक्सचेंज बंद पडत नसे. तुमचं पडतं का बघू."

पडद्यावर दुसऱ्याचं नाव लाल झालं. चौथ्यानं त्याला दोन हाका मारल्या, ओ आली नाही, तशी त्यानं त्याची सगळी माणसं उरलेल्या दोघांकडे वळवली. चिमणीचा फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर लावला.

"काय गं, मध्येच अडलं," पलीकडची मैत्रीण म्हणाली. "पण पुन्हा दाबलं तर तिथूनच सुरू झालं. वाचतंय कोण? आवाज गोड आहे हो."

"माझे भाऊजी. चाळीस वर्षांत आमच्याशी एवढं बोलले नाहीत."

मी उभा राहिलो, बसलो, पुन्हा उभा राहिलो. काय करावं सुचेना. चिमणीनं माझ्या हातात पेन कोंबलं. मी लिहिलं, 'बहुधा जमेल असे वाटते.'

"बहुधा? वाटतं?" ती खांद्यावरून वाचत होती.

मी दोन्ही शब्द जुन्या सवयीनं काट मारून उडवले आणि नवा कागद घेतला. 'तास काढू नका. चाळीसही मुलांना एकदम येऊ द्या. उत्तराला उशीर झाला, माफ करा.'

टपालपेटी कोपऱ्यावरच आहे. पत्र फटीत अर्धं घातलं आणि हात थबकला.

मागून तिचा तो नोकरीतला आवाज आला, "लाइन जोडली आहे, बोला."

मी पत्र सोडलं.