पहिल्या फैरीत पडणारा

“पडल्यावर हलायचं नाही, प्रताप. नाक खाजलं तरी नाही. मेलेला माणूस नाक खाजवत नाही.”

पहिल्या वर्षी वॉल्टरनं वाळूत उभं करून दिलेली ही ताकीद प्रतापनं बारा वर्षं पाळली होती. अमेरिकेतल्या कॅरी गावी एका औषध कंपनीत तीस वर्षं गोळ्या तपासून तो निवृत्त झाला, आणि शेजारच्या वॉल्टरनं त्याला या नादाला लावलं. दर जानेवारीत ही हौशी मंडळी समुद्रकाठी अमेरिकन यादवी युद्धातली लढाई उभी करत. निळ्या कोटातले मरीन सैनिक किल्ल्याच्या लाकडी कुंपणावर चालून जात आणि मरत. कोण कधी मरणार, हे आधीच ठरलेलं. प्रताप दरवर्षी पहिल्या फैरीतच मरायचा. यंदा मात्र त्याला कुंपण गाठायचं होतं, वॉल्टरच्या जागी. वॉल्टर नर्सिंग होममध्ये अंथरुणाला खिळला होता. सकाळीच त्याचा फोन आलेला, “संध्याकाळी ये. कुंपणापाशी कसा पडलास, सगळं सांग.” प्रताप म्हणाला होता, “येतो. प्रॉमिस.”

तासाभरानं मंडळींच्या नव्या कॅप्टननं, ब्रेटनं, त्याला बाजूला घेतलं.

“यू आर ग्रेट, प्रताप. पण यंदा टीव्हीवाले आलेत. ऑथेंटिक दिसायला हवं. पार्किंग बघशील?”

ब्रेटच्या कोटाला बटणांऐवजी आजकालची चेन होती. प्रतापच्या कोटाची काजं त्याच्या बायकोनं, रेखानं, हातानं केलेली.

“शुअर,” प्रताप म्हणाला.

“शुअर काय, अहो?” रेखा गाडीपाशी येऊन हलकेच म्हणाली. “तीस वर्षं ऑफिसातही हेच म्हणत आलात.”

“जाऊ दे गं.”

“आज एकादशी, वाकडं बोलू नये. पण मरायलासुद्धा गोराच माणूस लागतो का यांना?”

कोटावर नारिंगी जाकीट चढवून प्रताप दिवसभर गाड्यांना हात दाखवत राहिला. टेकाडापलीकडे बंदुका वाजल्या, मग टाळ्या. एका बाईनं काच खाली करून विचारलं, “रेस्टरूम कुठंय?” त्यानं तेही दाखवलं.

चारला मैदान रिकामं झालं.

“घरी ना?” रेखानं विचारलं.

“वॉल्टरकडे. येतो म्हटलंय.”

“आणि सांगणार काय त्याला?”

प्रतापनं जाकीट काढून त्याची घडी केली. मग वाकून मूठभर वाळू घेतली आणि कोटाच्या बाह्यांवर, छातीवर चोळली. रेखा बघत राहिली.

“थांबा,” ती म्हणाली, “कोपर राहिलं.” आणि तिनं स्वतःच ते माखलं.

प्रतापनं किल्ली फिरवली.