एका इंचाची लबाडी

मी एक जुनी टेप आहे. कापड मोजायची, शिवणकाम करणाऱ्यांच्या गळ्यात असते ती. मित्रांनो, आपली जीवनकहाणी सांगणारे बहुतेक जण स्वतःच्या प्रामाणिकपणाचे गोडवे गातात. मला ती सोय नाही. मी अकरा वर्षे खोटे बोलले, आणि माझ्या खोट्यापायी एक हुशार बाई स्वतःला ठोंब समजू लागली. आता सगळे उघड झाले आहे. मनावरचे ओझे उतरले आहे, म्हणून मोकळेपणाने सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. मेणकापडाची पिवळी पट्टी, तिच्यावर साठ इंचांचे काळे आकडे आणि दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या. तिथून मी एका गल्लीतल्या शिवणाच्या दुकानात आले. दुकान इतके लहान की भिंत आणि खिडकी यांच्यामध्ये कापणीचे टेबल जेमतेम बसवले होते, आणि मशीनवरून उठायचे तर आधी इस्त्री सरकवावी लागे. दुकानाचे मालक म्हणजे मामा. ते खरे तर एकीचेच मामा, पण गल्लीने त्यांना सरसकट मामा करून टाकले होते. मी त्यांच्या गळ्यात पडले ती पडलेच. माझ्या मापाने शिवलेला कोट घालून लोक आरशासमोर उगीच दोनदा वळत, तेव्हा मला भारी अभिमान वाटायचा.

मग एके दिवशी तापलेली इस्त्री माझ्या टोकावर आली आणि पहिला इंच करपला. मामांनी तो कात्रीने उडवला, टोक उसवू नये म्हणून धागा फिरवला आणि उद्या नवी टेप आणू, असे म्हणाले. ती उद्याची सकाळ काही उजाडली नाही. मामांना सवय होऊन गेली. माणसाची छाती मोजताना मी सदतीस दाखवायचे, मामा छत्तीस धरायचे. कापडावर बावीस इंचांची बाही आखायची तर तेवीसवर खडू टेकवायचे. सगळी बेरीज-वजाबाकी त्यांच्या डोक्यात. माझे सुरुवातीचे आकडे बोटांनी घासून केव्हाच पुसले गेले होते, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळायचे नाही.

पुढे मामांची सख्खी भाची दुकानात काम शिकायला आली. बाई तिशीची, लग्न झालेली, हसतमुख. मामांनी तिला काज करायला बसवले. काज म्हणजे बटणाचे भोक, हे तुम्हाला माहीत असेलच. तिचे काज इतके नेटके होत की गिऱ्हाईक शर्ट उलटा करून बघायचे. पण तीन वर्षे उलटली तरी काज, तुरपाई आणि इस्त्री यांपलीकडे तिची गाडी सरकेना. कापणी शिकवा म्हटले की मामा म्हणत, बघून बघून येते. आणि कापडावर खुणा करताना नेमके पाठमोरे उभे राहत. तिने स्वतःची टेप आणू का विचारले, तर म्हणाले की एका दुकानात दोन टेपा असल्या की मापात घोळ होतो. हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

शेवटी ती हट्टालाच पेटली. तेव्हा मामांनी मला गळ्यातून काढून तिच्यापुढे टाकले. मापे मी घेतो, तू काप, म्हणाले. तिने नवऱ्यासाठी शर्ट कापला. मामांनी सांगितलेले आकडे खरे होते, पण ते तिने माझ्यावर मोजले. बाही इंचभर आखूड झाली आणि छातीच्या चार भागांत मिळून चार इंच गेले. बटणे लावली की नवऱ्याला श्वास घेता येईना, आणि श्वास घेतला की बटणे राहीनात. मग तिने स्वतःसाठी ब्लाउज कापला, तोही तंग. तिसऱ्या खेपेला आईने कपाटात जपून ठेवलेले लोकरी कापड आणले आणि आईसाठी कोट कापला. तो आईच्या खांद्यांवरून पुढे सरकलाच नाही.

मामा एवढेच म्हणाले की हात उपजत लागतो. पहिल्या तारखेपासून येणार नाही, असे तिने हळू आवाजात सांगितले आणि उरलेले काज करत बसली. मित्रांनो, मी मामांच्या गळ्यातच होते. ओरडून सांगावेसे वाटत होते, पण टेपेला तोंड कुठले?

महिना संपायला आठ दिवस होते. टेबलाची फळी चिरली होती, म्हणून सुतार माप मागायला आला. मामा आत जेवत होते आणि मी खुंटीवर होते. भाचीने मला घेऊन टेबल मोजले आणि पंचावन्न सांगितले. दोन दिवसांनी सुतार नवी फळी घेऊन आला. ती काही केल्या भिंत आणि खिडकी यांच्यामध्ये बसेना. इंचभर जास्त होती.

"माझंच चुकलं असणार," भाची म्हणाली. "मला माप कळतच नाही."

सुताराने आपली लोखंडी पट्टी टेबलाला लावली. चौपन्न. त्याने टेप मागितली. मामांचा हात गळ्याशी गेला. आता कशाला ती, फळी इंचभर काप म्हणजे झाले, असे ते पुटपुटले. पण सुतार आपल्या कामाला नाव ठेवून घेणारा नव्हता. तो हात पुढे करून उभाच राहिला. तेव्हा भाचीने मामांच्या गळ्यातून मला काढले आणि टेबलावर, लोखंडी पट्टीच्या शेजारी, सरळ ताणले.

"ताई, चूक तुमची नाही," सुतार म्हणाला. "हिला पहिला इंचच नाही."

भाची स्टुलावर मटकन बसली. तिने मामांकडे पाहिले.

"मामा, तुम्हाला ठाऊक होतं?"

मामा मशीनच्या चाकाकडे बघत राहिले. "होतं."

"मग मी तीनदा कापड नासलं तेव्हा?"

"पहिल्यांदा सांगायचं राहून गेलं, खरंच. नंतर मात्र मुद्दाम गप्प बसलो. तुझ्यासारखे काज कुणी करत नाही. कापायला शिकलीस की निघून जाशील, असं वाटलं."

मला वाटले, आता भूकंप होणार. पण ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. आपल्या हातांत खोट नाही, एवढेच आधी तिच्या मनात आले होते. मलाही इतके हलके वाटले की काय सांगू!

"राग मला येणार आहे, मामा," ती म्हणाली. "पण तो उद्या. आज मला कापायला शिकवा. पाठमोरे उभे राहू नका, आणि जे डोक्यात करता ते तोंडानं बोला."

राग दुसऱ्या दिवशी आला, आणि चांगला आठवडाभर टिकला. त्या दिवसांत ती कामापुरतेच बोलत होती. पण शिकवणी थांबली नाही. मामांना बोलून शिकवायची सवय नव्हती, एकेक वाक्य जुळवताना त्यांना घाम फुटे. नवी टेप आली तरी त्यांचा खडू जुन्या सवयीने पुढे जायचा, आणि भाची त्यांचा हात धरून मागे आणायची. आईच्या कोटाला दोन्ही बाजूंनी पट्ट्या जोडून तिने तो अंगात बसवला. दीड वर्षाने तिने दोन गल्ल्या सोडून स्वतःचे दुकान काढले. मामांना भीती होती तेच झाले. आता ते आपले काज आपणच करतात, आणि ते काही धड होत नाहीत. तरी गिऱ्हाइकांना भाचीचे दुकान तेच कौतुकाने दाखवतात.

मी हल्ली कापलेल्या कापडांचे गठ्ठे बांधायच्या कामी येते. मला कोणी आकडा विचारत नाही, आणि याचा मला फार आनंद आहे. मित्रांनो, उद्या तुमच्याकडेही कोणी काहीतरी शिकायला येईल आणि चुकेल. त्याच्या हाताला नावे ठेवण्याआधी, त्याच्या हातात आपण काय दिले आहे, ते एकदा तपासून बघा.