मांडीवरचा गूळ

गुळाची ढेप मांडीवर घेऊन वाळवंटातून जाणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. बिकानेर सुटून तासही झाला नव्हता, तोवर ढेप पाझरायला लागली, ओढणी घागऱ्याला चिकटली, आणि माश्या तर अशा मागे लागल्या की लग्नाचं आवतण जणू त्यांनाच होतं.

"ठेव की खाली, पायाशी," जीप चालवता चालवता माझा नवरा पोकर म्हणाला.

"पायाशी? भावाचा गूळ पायाशी ठेवू? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"आधी भाऊ तर सापडू दे," मागून माझी थोरली नणंद गवरा बोलली. "नाही सापडला तर पिंपळाला घाल. बिनभावाच्या बायका पिंपळालाच घालतात गूळ."

"बाईसा, गाणी म्हणायला आणलंय तुम्हाला. गाणी म्हणा."

पण तिला कुठलं सुचतंय गाणं! गूळ द्यायला निघालेल्या बाईसोबत सासरच्या चारजणी गात जातात अशी रीत. माझ्या वाट्याला ही एकटी आली, तीही टोमणे मारायला.

लेकीचं लग्न ठरलं की आमच्यात बाई गूळ घेऊन भावाकडे जाते. त्याला टिळा लावते, गूळ त्याच्या हाती देते. मग लग्नाच्या दिवशी तो मायरा, म्हणजे मामाकडचा आहेर, घेऊन येतो, सगळ्या गावादेखत बहिणीच्या डोक्यावर चुनरी घालतो, आणि भाचीला फेऱ्यांसाठी चुनरी आणतो. गूळ फोनवरून देता येत नाही आणि दुसऱ्याच्या हाती पाठवताही येत नाही. आणि एकदा हातात पडला की भावाला तो परत करता येत नाही. बहिणीचा गूळ परतवलेला माणूस मी तरी अजून पाहिला नाही.

माझ्या धाकट्या भावाला, हेमाला, हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर पठ्ठ्या फोन उचलत नव्हता.

भांडण कशाचं, तर घराचं. बाप गेला की आमच्याकडे बहिणी तहसीलीत जातात आणि आम्हाला काही नको म्हणून सही करून येतात. सही करणारी ती चांगली बहीण. मी नाही केली. नागौरच्या घरातल्या माझ्या वाट्याच्या दोन खोल्या घेतल्या, विकल्या आणि लिछमाला नर्सिंगला घातलं. हेमा तेव्हा भर गल्लीत ओरडला होता, "घे! पण उद्या मायरा मागायला माझ्या दारी येऊ नकोस!"

मी म्हटलं, "येतंय माझं खेटर!"

आणि आता चालले होते. कारण लिछमा अडून बसली होती. मामाच्या खांद्यावर बसून नागौरची जत्रा बघितलेली पोर ती. "मामाची चुनरी नसेल तर मी मांडवात पाय ठेवणार नाही," म्हणाली. ती माझीच लेक आहे, म्हणजे ठेवणार नाहीच. परवा लग्नाचा विनायक, म्हणजे गणपती, घरात बसला की रीतीप्रमाणे मला उंबरा ओलांडता येणार नव्हता. हेमाला गाठायचं तर त्याआधीच.

नागौरला आमच्या घराला कुलूप. माझ्या विकलेल्या खोल्यांच्या गच्चीवर शेजारणीने मेथी वाळत घातली होती, सगळ्या गल्लीत तिचा वास. ती वरूनच ओरडली, "सुवा, उशीर केलास गं! किल्ल्यात दगडी जाळ्या बसवायचं काम चालू होतं त्याचं. सकाळी कुणीतरी फोन केला तुझी जीप निघाली म्हणून. छिन्नी-हातोडा उचलला आणि गेला जोधपूरला, बायकोकडे."

"कुणी केला फोन? कोण मेलं ते?"

"आता मी कशाला नाव घेऊ कुणाचं!"

म्हणजे बिकानेरहून कुणीतरी हिला कळवलं असणार, आणि हिने त्याला. मी सरळ जीपमध्ये जाऊन बसले. बोलले असते तर विनायक बसेपर्यंत भांडत राहिले असते.

जोधपूरच्या वाटेवर पोकरला दर ढाब्यावर चहा लागत होता. शहरात शिरलो, वर किल्ला दिसायला लागला, तर हा मिरचीवड्याच्या गाडीपाशी थांबला. "रिकाम्या पोटी सासुरवाडीला जायचं नसतं," म्हणे.

"अहो, तो पळतोय आणि तुम्ही वडे खाताय? माझ्या जिवाची तगमग दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसते. तुझ्यासाठी पण घेतलाय एक."

अशा माणसाशी मी पंचवीस वर्षं संसार केला.

पोरींच्या शाळेसाठी हेमाने किल्ल्याखालच्या गल्लीत खोली घेतली होती, तिथं त्याची बायको पेंपा दारातच उभी होती. डोळे सुजलेले. "आले होते," ती म्हणाली, "उभ्या उभ्या जेवले आणि बस पकडून जैसलमेरला गेले. तिथं एका हवेलीच्या झरोक्याचं काम आहे."

मी तिथंच पायरीवर बसले. गूळ मांडीवर तसाच. पेंपाने पाणी दिलं, इकडेतिकडे बघितलं, आणि हळूच म्हणाली, "जीजी, माझ्या बापाचं वर्षश्राद्ध झालं परवा. भावांनी कागद पुढे केला. मी सही नाही केली."

"काय सांगतेस!"

"तुमच्याकडे बघूनच धीर आला. पण भावांनी तोडलं मला. म्हणाले, तुझ्या पोरींच्या लग्नात आमचं तोंड बघायला मिळायचं नाही. आता हे म्हणतात, सुवाने माझं घर बिघडवलं, तिच्यामुळे माझ्या पोरींना मामा उरला नाही."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण तिच्या दोघी पोरी आतून डोकावत होत्या, थोरलीचं नाक अगदी हेमासारखं. रात्री तिथंच राहिलो, पण डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी चहा न घेताच मी जीपमध्ये जाऊन बसले आणि हॉर्न वाजवत राहिले.

पोकरण गावाच्या पुढे रस्ता सरळ, दोन्हीकडे वाळू आणि खेजडीची झाडं. पोकरसुद्धा चहाचं नाव काढत नव्हता. गवराचं तोंड मात्र सुरूच. "आणि समज भेटला आणि तोंड फिरवलं, तर?"

"तर त्याच्या तोंडावर फेकीन ही ढेप."

"हं. तेवढंच राहिलंय बघायचं."

जैसलमेरला ती हवेली शोधायला वेळ लागला नाही. बांबूची परांची दिसली, आणि पार वर, झरोक्याशी, पाठमोरा हेमा. टकटक, टकटक. त्या पाठीला मी लहानपणी तेल चोळलंय, मी कशी विसरेन!

"हेमा!"

टकटक थांबली. त्याने खाली बघितलं. मग पुन्हा टकटक.

"हेमा, खाली ये. हात पुढे कर."

"काम आहे!"

"दोन दिवस माझं पण हेच काम आहे! खाली येतोस का मी वर येऊ?"

"खोल्या विकताना नाही आठवला भाऊ?" तो वरूनच ओरडला. रस्त्यावरची माणसं थांबली. कॅमेरे गळ्यात अडकवलेले पाहुणेही थांबले. "आता लेकीचं लग्न आलं तशी आठवण झाली! चुकले म्हण. एवढंच म्हण, मी आत्ता खाली येतो."

गवराने मला कोपर मारलं. "म्हणून टाक की गं. शब्दाला काय पैसे पडतात? पोरीचं लग्न आहे."

खरं सांगते, शब्द ओठांवर आला होता. लिछमासाठी आणखी काय काय नाही केलं मी? पण पेंपाचे सुजलेले डोळे आठवले आणि माझं टाळकंच सरकलं.

"नाही म्हणत!" मी ओरडले. "खोल्या माझ्या होत्या, मी घेतल्या. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेईन. आणि मायरासुद्धा माझाच आहे. दोन्ही माझं आहे, हेमा! बापाचं घरही माझं आणि भाऊही माझा. एक घेतलं की दुसरं सोडायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? तुला कधी कुणी विचारलं का, घर घेतोस का बहीण घेतोस?"

त्याने छिन्नी बाजूला ठेवली.

"आणि पेंपाच्या भावांवर चिडतोस ना? उद्या तुझ्या पोरी लग्नाला आल्या की जाशील त्यांच्या दारी, म्हणशील चला, भाच्यांचं लग्न आहे. ते म्हणतील, हेमाराम, तू गेला होतास का रे तुझ्या बहिणीकडे? काय सांगशील? तोंड आहे का सांगायला?"

हेमाने बांबू धरला. मग उतरायला लागला. सावकाश, एकेक बांबू चाचपत. माझ्यासमोर आला तेव्हा भुवयांवर, मिशांवर पिवळी धूळ बसलेली. केव्हा म्हातारा झाला हा?

"फार बोलतेस तू, जीजी," तो म्हणाला. "लहानपणापासून."

"आणि तू फार पळतोस."

त्याने खांद्यावरचं फडकं काढलं, झटकलं आणि दोन्ही हातांवर पसरून पुढे धरलं. मी टिळा लावला. घाईत टिळा वाकडाच लागला. ढेप ओढणीला अशी चिकटली होती की दोघांनी ओढून काढावी लागली. ओढताना आम्ही दोघंही रडत होतो आणि हसतही होतो, आणि तो पुन्हा पुन्हा विचारत होता, "लिछमा बारीक झाली का गं? नोकरीत जेवते ना वेळेवर?"

परत निघालो तेव्हा माझी मांडी रिकामी होती. हात कुठे ठेवावेत तेच कळेना. पोकर शीळ वाजवत होता. मागे मात्र गवराचा आवाज नाही. मला वाटलं, झोपली.

"पोकर," ती एकदम म्हणाली, "बा गेले तेव्हा मी तहसीलीत अंगठा दिला होता."

"हो बाईसा. तुम्ही मोठ्या मनाच्या."

"मन-बिन काही नाही. मला कुणी विचारलंच नव्हतं. गाडीत बसवलं, नेलं, अंगठा घेतला, येताना कचोरी दिली." ती पुढे वाकली. "माझी खोली मला हवी आहे. वरची, गच्चीकडची."

पोकरने जीप रस्त्याच्या कडेला घेतली आणि माझ्याकडे बघितलं. वरची खोली! पूर्वेच्या खिडकीची, घरातली सगळ्यात चांगली. मुलाचं लग्न झालं की त्याला द्यायची म्हणून मी तिला नुकताच रंग काढला होता. अर्ध्या जैसलमेरसमोर सुटलेली माझी जीभ टाळ्याला चिकटली. कागद झालाय, आता काय त्याचं, असं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? बाप गेल्यावर हेमाचाही जीव त्या दोन खोल्यांत असाच अडकला असेल.

आरशात गवरा माझ्याकडेच बघत होती. टोमणा नाही, काही नाही. नुसती वाट बघत होती.

"द्या त्यांना," मी नवऱ्याला म्हटलं. आणि म्हणताना जीव किती तुटला, ते माझं मलाच ठाऊक.