चाकाचे आठ फेरे

पंक्चर काढायच्या जितक्या तऱ्हा आहेत, त्यापेक्षा एक जास्त तऱ्हा पंक्चर करायची आहे. सायकल दुरुस्तीच्या दुकानात वीस वर्षं घालवलेल्या बाईला दोन्ही कळतं. म्हणून मी भाचीला सरळ सांगितलं, की रस्ते विभागाच्या साहेबांची गाडी रोज सकाळी माझ्या दुकानासमोरच्या सिग्नलला थांबते, तू नुसती मान हलव.

भाचीला आम्ही भिंगरी म्हणतो. सतरा वर्षांची, बूड म्हणून टेकत नाही. त्या दिवशी मात्र दुकानातल्या स्टुलावर ती बसून होती.

"टायर तो बदलेल, मावशी," ती म्हणाली. "मला त्याचं वाक्य बदलायचंय."

साहेबांनी आपल्या अहवालात लिहिलं होतं: 'अपघात सायकलस्वाराच्या निष्काळजीपणामुळे.' सायकलस्वार म्हणजे भिंगरीचा थोरला भाऊ. छापखान्यातून वह्यांचे दोन गठ्ठे घेऊन शाळेकडे निघाला होता. सिग्नलवर सायकलवरून उतरला, हिरवा माणूस दिसल्यावरच पांढऱ्या पट्ट्यांवर पाय ठेवला, आणि सायकल ढकलत अर्ध्याच्या थोडा पुढे गेला तोच दिवा बदलला. टेम्पोवाल्याने ब्रेक मारले, पण उशीर झाला होता. त्या भल्या माणसाने स्वतः पोराला उचलून दवाखान्यात नेलं. त्याच्यावर आमचा राग नाही.

पायात दोन ठिकाणी सळया पडल्या. हाड जुळत आलं, पण ते वाक्य पोराच्या अंगात मुरलं. "माझंच चुकलं असेल," एवढंच तो बोलायचा. सात महिने उंबरा ओलांडला नाही. कुबडी कोपऱ्यात कोरी करकरीत उभी होती.

त्याची सायकल माझ्या दुकानात पडली होती. सांगाडा पार वाकलेला, पुढचं चाक तेवढं शाबूत. एका दुपारी भिंगरीने त्या चाकाच्या आरीला लाल चिंधी बांधली, चाक हातात धरलं आणि हिरव्या दिव्याबरोबर पट्ट्यांवरून फिरवत पलीकडे गेली. चिंधी आठ वेळा वर आली. पाचव्या फेऱ्यालाच दिवा बदलला होता. उरलेले तीन ती जीव मुठीत धरून पळाली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद केला होता, माझ्या दुकानाची पायरी त्यातच गेली. रस्ता दीडपट झाला, पण चालणाऱ्यांचा दिवा नऊ सेकंदांचा होता तो नऊचाच राहिला. पोरगं वाढलं आणि चड्डी तीच, अशातली गत.

भिंगरी हे सांगायला साहेबांकडे गेली. ते म्हणाले, की नऊ सेकंद पुरतात, मी स्वतः हातात घड्याळ घेऊन चालून बघितलंय. कधी, असं तिने विचारलं. साहेबांनी ऐटीत साल सांगितलं. ते रुंदीकरणाच्या आधीचं होतं. तिने तेही दाखवून दिलं, तेव्हा ते हसले. सायकलच्या चाकाने मोजलेलं कागदावर चालत नाही, बाळ, म्हणाले. ते 'बाळ' तिला त्या वाक्याइतकंच झोंबलं.

पुढच्या महिन्यात त्याच साहेबांनी 'रस्तामित्र' नावाची योजना काढली. सोळा ते वीस वयाच्या मुलांनी नारिंगी जॅकेट घालायचं, 'थांबा' लिहिलेली पाटी धरायची आणि फोटोत हसायचं. भिंगरीने पहिल्याच दिवशी नाव घातलं. माझी ताई, म्हणजे तिची आई, दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. भावाला आडवा केला त्याच्या हाताखाली राबणार का, एवढंच तिने माझ्यामार्फत विचारलं. मीही मनातून खट्टू झाले होते.

पण पोरगी राबली. तीन महिने शाळा सुटायच्या वेळी तिने सिग्नलवर मोजणी केली. गाड्या किती, सायकली किती, पायी किती. त्या छापील तक्त्यात तिने हाताने एक रकाना वाढवला: 'पाय टाकून मागे फिरलेले.' सगळ्यात जास्त रेघा त्यातच पडल्या. बारा मुलं तिने अशी तयार केली, की तिची शिट्टी वाजल्याशिवाय एकही पाटी वर जाऊ नये. साहेब भाषणात तिचं कौतुक करायचे आणि ती हसायची. नको असलेल्या पाहुण्याला आग्रह करताना ताई अगदी तशीच हसते.

समारोप आमच्याच सिग्नलवर ठेवावा, असं तिने सुचवलं. तिथे फोटोला उजेड चांगला मिळतो म्हणून साहेबांना पटलं. त्याआधी आठवडाभर मी सांगाडा सरळ करून सायकल उभी केली. चिंधी तशीच ठेवली.

शाळा सुटली. पालक, मास्तर, फोटोवाला, सगळे फुटपाथवर. भिंगरीने माइक घेतला आणि म्हणाली, साहेबांनी हा रस्ता स्वतः नऊ सेकंदांत ओलांडलाय, आज ते आपल्याला दाखवतील. टाळ्या पडल्या. मी सायकल पुढे केली, मागे वह्यांचे दोन गठ्ठे. नाही म्हणायला साहेबांना तोंड नव्हतं.

हिरवा लागला. साहेब झपाझप निघाले, पण भरलेली सायकल झपाझप जात नसते, ती हँडल ओढते. चिंधी एकदा वर आली, दोनदा, तीनदा. पाचव्यांदा वर आली आणि दिवा बदलला. मध्ये उभं राहायला बोटभर जागा नाही. गाड्या सुटल्या, डावीकडून आणि उजवीकडून, भोंगे वाजवत. साहेब मागे सरकले, पुढे सरकले, मग सायकलला मिठी मारून उभे राहिले. वळणावरून बस येत होती.

शिट्टी भिंगरीच्या ओठांत होती. बारा पोरं तिच्याकडे बघत होती. ती साहेबांकडे बघत होती.

मी मनात आकडे मोजले. दहाला मला वाटलं, ही फुंकणारच नाही. आणि खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटलं नाही.

चौदाला शिट्टी वाजली. बारा पाट्या एकदम वर गेल्या. बस थांबली, गाड्या थांबल्या. साहेब पुढे निघणार तेवढ्यात भिंगरी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, हातात कागद आणि पेन.

"इथेच लिहा," ती म्हणाली.

"आधी बाजूला होऊ या."

"दादाला बाजूला होता आलं नव्हतं."

साहेब म्हणाले, सेकंद कमी आहेत, मान्य. ती म्हणाली, मान्य नको, लिहा. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात. हात चालायलाही तेच लागतं. सायकलच्या सीटवर कागद टेकवून त्यांनी लिहिलं, की रुंदीकरणानंतर वेळ वाढवायची राहिली, ती चूक विभागाची, सायकलस्वाराची नाही. खाली सही केली. 

घरी पोराने तो कागद तीन वेळा वाचला. मग चपला कुठे आहेत, असं विचारलं. ताई पदर डोळ्यांना लावून आत गेली.

आता दिवा बावीस सेकंदांचा आहे. रोज सकाळी साहेबांची गाडी येते त्याच वेळी पोरगा छापखान्यात जायला निघतो. कुबडीवर त्याला एकोणीस सेकंद लागतात. उरलेले तीन तो साहेबांच्या गाडीसमोर उभा राहून काचेतून आत बघण्यात घालवतो. भिंगरी म्हणते, पाय बरा होत चाललाय, लवकरच आठ सेकंद उरतील.

मी दुकानात बसून बघते. पंक्चरचं सामान हाताशी असतं, पण गरज पडत नाही.